जांभळ्याचं पिवळं होताना

झाडाचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं की दुसऱ्या दिवशी कुणीतरी विळा घेऊन पन्हाळ्याची वाट धरणार, हे मला अनुभवानं माहीत आहे. कमरेएवढं वाढणारं झुडूप आहे. पानं वरून गर्द हिरवी, खालून पांढुरकी, चुरगळली की सुंठीसारखा वास येतो. एवढ्यावरून कुणाला ओळखता आलंच, तर त्यानं कृपा करून माझ्या वडिलांची हकिगत आधी पुरती वाचावी आणि मग काय ते करावं.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांनाही, नाव घेतलेलं चालायचं नाही. त्यांचं कारण वेगळं होतं. औषधाचं नाव तोंडानं घेतलं की त्याचा गुण जातो, असं आमच्या गावात मानतात. माझी पंचाईत अशी, की मी त्याच झाडाच्या पानांवर पीएच.डी. करत होते, आणि कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मला ते नाव दिवसातून चारदा घ्यावं लागायचं. यावर आबांनी तोडगा काढला होता.

"लॅटिनमधी घे. त्येला कुठं लॅटिन कळतंय!"

आबा गावच्या दूध संस्थेत टेस्टर होते. पन्हाळ्याच्या पायथ्याचं आमचं गाव लहान, पण दुभत्याचं. सकाळ-संध्याकाळ लोक किटल्या घेऊन रांगेत उभे राहायचे. आबा प्रत्येकाच्या दुधाचा नमुना काचेच्या नळीत घ्यायचे, त्यात ॲसिड घालायचे, यंत्रात नळ्या गरागरा फिरवायचे आणि एकेक नळी उजेडाला धरून फॅटचा आकडा मोठ्यानं पुकारायचे. पुढं बटणं दाबली की आकडा सांगणारं मशीन आलं, तरी आबांना शंका आली की ते नळीच काढायचे. एकदा त्यांच्या सख्ख्या भावाच्या दुधाला फॅट कमी लागली. सगळी रांग बघत होती. आबांनी जो आकडा होता तोच पुकारला, आणि काका दिवाळीपर्यंत आमच्या घरात पाणी प्यायले नाहीत. आईनं चिडचिड केली तेव्हा आबा म्हणाले, "माप म्हंजे माप. नळी काय नातं बघत्या व्हय?"

त्यांच्या हातांवर ॲसिडचे पांढरे डाग होते. मी प्रयोगशाळेत काम करायला लागल्यावर माझ्याही मनगटावर एक पडला, तेव्हा आईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि आबा खूश झाले. घराण्याची खूण आली म्हणाले.

माझं काम थोडक्यात सांगते. माणसाच्या शरीरात काही आगाऊ कण असतात, ते दिसेल त्याला ओरबाडत सुटतात. त्यांना गप्प बसवणारी द्रव्यं झाडांच्या पानांत असतात. कुठल्या पानात किती, हे शोधायचं. त्यासाठी तसल्याच आगाऊ कणांचं एक जांभळं द्रावण करतात. त्यात पानाचा अर्क टाकला आणि कण शांत झाले, की जांभळा रंग उडून द्रावण पिवळं पडतं. जितक्या थोड्या अर्कात पिवळं, तितकं पान गुणी. सगळी परीक्षा त्या मापात आहे. वर्षानुवर्षं मी सकाळी त्या नळ्यांसमोर बसायचे आणि जांभळ्याचं पिवळं होताना बघायचे.

पानं आणायचं काम आबांचं. गाईड सरांनी मला नमुने गोळा करायची शास्त्रीय पद्धत लिहून दिली होती. आबांची पद्धत त्याहून जुनी. आदल्या दिवशी दिवस मावळायच्या आत ते डोंगरावर जायचे, झुडपाच्या बुडाशी हळदीच्या अक्षता टाकायचे आणि त्याला आवतण द्यायचे, "उद्या येतो, संगं चल." दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना, कुणाशी एक शब्द न बोलता जायचं आणि पानं खुडायची. आपली सावली झाडावर पडू द्यायची नाही. मग ती पानं आमच्या माळ्यावर आईच्या जुन्या लुगड्यांवर सावलीत वाळायची. वाळली की आबा पोतं घेऊन यष्टीनं कोल्हापूरला यायचे, पायजम्याला लागलेली कुसळं कॉलेजच्या पायरीवर बसून काढायचे आणि मगच आत यायचे.

"प्रबंधात ह्या अक्षता कशा लिहू, आबा?" मी चेष्टा करायचे.

"तू लिहू नको. त्येनं तुला कुठं अडलंय?"

खरंच अडलं नव्हतं. पानं गुणी निघाली. ज्या दिवशी पहिल्यांदा अर्काच्या एका थेंबात नळी पिवळी पडली, त्या दिवशी मी हातमोजे न काढताच आबांना फोन लावला. (आमच्याकडं बायकाही ‘आलो, गेलो’ म्हणतात, घरी मी अजून तसंच बोलते. विभागात ‘आले, गेले’ म्हणताना जीभ सांभाळावी लागते.)

"आबा, मी जिंकलो! एका थेंबात रंग गेला!"

"एका थेंबात?" मग लांबून आवाज आला, बहुतेक संस्थेच्या दारात उभे राहून सगळ्या रांगेला सांगत होते. "अरं, पोरीच्या पाल्याला लई फॅट लागली!"

पुढं कॉलेजात विज्ञान प्रदर्शन भरलं. एक पत्रकार आला, त्यानं सरांना विचारलं, कॅन्सरवर चालेल का? सर बिचारे शास्त्राचे माणूस, ते म्हणाले, "शक्यता नाकारता येत नाही." सकाळी पेपरात छापून आलं, ‘पन्हाळ्याच्या पानात कॅन्सरवर उतारा, कोल्हापूरच्या कन्येचं संशोधन.’ मी कपाळाला हात लावला. दोन दिवसांत पायथ्याची निम्मी झुडपं लोकांनी बोडकी केली. आबांनी मात्र ते कात्रण प्लास्टिकमध्ये घालून घेतलं आणि संस्थेच्या भिंतीवर, दराच्या फळ्याशेजारी लावलं. मी कितीदा सांगितलं की हे खोटं आहे, नळीत रंग उडणं वेगळं आणि माणूस बरा होणं वेगळं. ते मान डोलवायचे. मोठ्या माणसानं लहान मुलीचा विनय बघून डोलवावी तशी.

आणि मग आबांचे डोळे पिवळे झाले.

ते मला आधी दिसलं नाही. गेली कित्येक वर्षं पिवळा रंग दिसला की मला बरं वाटायचं, तो माझा यशाचा रंग होता. आईनं फोन केला, "तुझा बा रात्रंदिवस अंग खाजवतोय, जेवत न्हाय." मी शनिवारी गावी गेले. आबा घराच्या पुढच्या सोप्यात बसले होते, दारातून उजेड तोंडावर पडला होता, आणि त्यांच्या डोळ्यांत तोच रंग होता. हातांवर खाजवून खाजवून वळ उठले होते. सदरा खांद्यावरून उतरला होता.

"कावीळ हाय," आबा म्हणाले. "घाबराय काय झालं? घरात औषध हाय की."

आमच्या भागात कावीळ झाली तर दवाखान्यात जात नाहीत. डॉक्टरकडं काविळीला औषध नसतं, ते पाल्यानंच उतरते, हे लहान पोरालाही माहीत असतं. साध्या काविळीत ते चालूनही जातं, कारण ती बऱ्याचदा आपोआपच उतरते आणि श्रेय पाल्याला मिळतं. मी माळ्यावर गेले. लुगडी रिकामी होती. माझा अख्ख्या हंगामाचा नमुना आबांनी काढा करून पिऊन टाकला होता.

मी रडून, भांडून त्यांना कोल्हापूरला नेलं. सोनोग्राफी झाली, मग स्कॅन झालं, मग दुर्बीण घालून तुकडा तपासला. सर्जन शांत स्वभावाचे होते, कागदावर चित्र काढून समजावत होते. पित्ताची नळी जिथं आतड्यात उघडते, तिथं गाठ होती. ती कॅन्सरची होती.

"लहान आहे," ते म्हणाले. "आत्ता काढता येईल असं दिसतंय. ऑपरेशन मोठं आहे, पण पूर्ण बरं व्हायची संधी आहे. फक्त थांबू नका."

आबांनी ते चित्र नीट बघितलं, घडी करून खिशात घातलं आणि बाहेर आल्यावर म्हणाले, "चल, घराकडं जाऊ."

"आबा, ऐकलासा न्हवं? ऑपरेशन करायचंय!"

"कॅन्सर हाय म्हणाले न्हवं? मग झालं तर. तुझा पाला कॅन्सरवरच हाय."

मी दवाखान्याच्या पायरीवर बसले. माणसं ये-जा करत होती. एका बाईनं मला पाणी दिलं. मला त्या क्षणी तो पत्रकार, ते कात्रण, माझ्या सगळ्या नळ्या आणि मी स्वतः, सगळ्यांचा राग आला.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. रोज कॉलेजातून सुटलं की यष्टीनं गावी, सकाळी परत. घरी पोचलं की भांडण. मी सगळे उपाय केले. समजुतीनं सांगितलं. ओरडले. जेवण सोडलं. काकांना बोलावलं, तर काका म्हणाले, "तूच शोधलंस आणि तूच नगं म्हणतीस, आम्ही काय समजायचं?" सरांकडून फोन करवला. सर आबांशी अर्धा तास बोलले आणि शेवटी आबांनी त्यांनाच धीर दिला. "सर, तुमी काळजी करू नका, पोरीचं नाव हुनार हाय."

मी त्यांच्याच भाषेत सांगायचा प्रयत्न केला. "आबा, म्हशीच्या दुधाला फॅट चांगली लागली, म्हणून ते दूध पिऊन मोडलेला पाय बसतोय काय?"

"न्हाय."

"मग?"

"पण फॅट लागली ती खोटी हुती काय? नळीनं जे दाखवलं ते हाय, आणि हाय ते हाय."

नळी खोटं बोलत नाही हे मला त्यांनीच शिकवलं होतं. मी दुसरी-तिसरीत असताना त्यांच्या टेबलाशी उभी राहून नळ्या उजेडाला धरायला शिकले होते. मी शास्त्राकडं गेले ती त्या टेबलावरून.

एके दिवशी त्यांनी मला हळूच बाजूला घेतलं. "तुझ्या तिथं त्यो काळा दाट अर्क असतोय न्हवं बाटलीत? त्यो आण की जरासा. ह्या काढ्यात जोर न्हाय."

आमचा अर्क मिथेनॉलमध्ये काढलेला असतो. ते पिऊन माणसाची दृष्टी जाते, जीवही जातो. मी हे सांगितलं. त्यांना वाटलं, मी द्यायचं टाळते आहे. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्यावर संशय घेतला, आणि तोही अशा गोष्टीसाठी. त्या दिवसापासून मी प्रयोगशाळेतल्या फ्रिजला कुलूप घातलं. किल्ली गळ्यात घालून फिरायचे.

दिवस जात होते. सर्जनच्या दवाखान्यातून एकदा फोन आला, काय ठरलं म्हणून. मी खोटंच सांगितलं, येतोय, घरात एक कार्य आहे ते झालं की येतोय. आबांचा आता घास उतरत नव्हता. आई देवापुढं बसून असायची. मला रोज सकाळी उठल्यावर पहिल्यांदा हेच आठवायचं, की आज अजून एक दिवस वाया जाणार.

मग मी ठरवलं, त्यांना नळीनंच हरवायचं.

"आबा, उद्या कॉलेजात चला. पाल्याची टेस्ट तुमाला कधी दावलीच न्हाय."

त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला, टोपी घातली. अंगात त्राण नव्हतं, पण यष्टीत खिडकीशी ताठ बसून होते. प्रयोगशाळेत आल्यावर त्यांनी आधी चपला बाहेर काढल्या. द्रावणाला उजेड सोसत नाही म्हणून मी पडदे ओढले होते. मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि रॅकमध्ये नळ्या लावल्या. प्रत्येकीत जांभळं द्रावण घातलं.

"हे बघा." पहिल्या नळीत मी पानाच्या अर्काचा एक थेंब सोडला. थोडा वेळ गेला. जांभळा रंग विरला, नळी पिवळी झाली.

आबांचा चेहरा असा फुलला की मला बघवेना. त्यांनी नळी उचलली, सवयीनं खिडकीकडं धरली, पडदा जरा सारून बघितली. "आयला! अगदी फॅटवानीच की गं!"

"आता हे बघा." मी कँटीनमधून कपात कोरा चहा आणून ठेवला होता. दुसऱ्या नळीत चहा टाकला. ती नळीही पिवळी पडली.

आबांनी कप उचलून वास घेतला, चहाच आहे ना म्हणून.

फाटकाजवळच्या पेरूचं पान मी सकाळीच कुटून ठेवलं होतं. तिसऱ्या नळीत ते. पिवळी. डब्यातल्या पोह्यांतला कढीपत्ता पाण्यात चुरगळून चौथ्या नळीत. तीही पिवळी.

इथं मी काय केलं ते लिहिते. मी लबाडी केली. पानाचा अर्क एक थेंब टाकला होता, आणि चहा, पेरू, कढीपत्ता मात्र बोलत बोलत, त्यांच्याकडं जरा पाठ करून, भसाभस ओतले. चहातही पुष्कळ गुण असतात, पण तुलना करायची तर सगळ्यांचं माप सारखं घ्यावं लागतं, आणि सारख्या मापात माझ्या पानासमोर ती कपातली पातळ चहाची नळी जांभळीच राहिली असती. मला ते परवडणारं नव्हतं. मला चारही नळ्या एकसारख्या पिवळ्या हव्या होत्या. पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा तसंच करीन, पिंपभर चहा ओतीन.

"बघितलासा?" मी म्हणाले. "चहानंबी हुतंय. पेरूच्या पानानंबी हुतंय. पोह्यांतला कढीपत्ता आपण ताटात बाजूला काढून टाकतो, त्येनंबी हुतंय. मग चहा पिऊन कॅन्सर बरा हुतोय काय?"

आबांनी चारही नळ्या एकेक करून उजेडाला धरल्या. पुष्कळ वेळ लावला. मग विचारलं, "मग तुझं एवढ्या वर्साचं काम?"

मी त्यांना सांगू शकले असते की काम खोटं नाही. एका थेंबात जे होतं ते मोलाचं आहे, त्यातून पुढं कुणीतरी, कधीतरी, पुष्कळ तपासण्यांनंतर काही काढू शकेल. पण त्यातला एक शब्द जरी तोंडातून गेला असता तरी त्यांनी तेवढाच धरला असता.

"काही न्हाय, आबा," मी म्हणाले. "डिग्री मिळत्या. बाकी काही न्हाय."

ते उठले. बेसिनपाशी जाऊन त्यांनी नळ्या ओतल्या, एकेक विसळली आणि रॅकमध्ये पालथी घातली, दूध संस्थेत घालायचे तशी. मला थांबवायला जमलं नाही. मग पायजम्याला हात पुसून म्हणाले, "बरं. चल, कुठं जायचं ते जाऊ."

मी त्यांना तिथूनच रिक्षानं दवाखान्यात नेलं. वाटेत मनात नुसतं ‘जिंकलो, जिंकलो’ चाललं होतं.

ऑपरेशनच्या दिवशी मी आणि आई बाहेर बाकावर बसलो होतो. मोठं ऑपरेशन आहे, संध्याकाळ होईल असं सांगितलं होतं. जेवणाची वेळसुद्धा झाली नव्हती, तेवढ्यात सर्जन दार उघडून बाहेर आले. आई म्हणाली, "लवकर झालं, बरं झालं बाई." मी त्यांच्याकडं बघितलं आणि मला कळलं. लवकर झालं याचा अर्थ काहीच झालं नव्हतं. पोट उघडलं, तर गाठीचे बारीक दाणे यकृतावर आणि आत सगळीकडं पसरले होते. पित्ताला वाट करून दिली आणि पोट शिवलं. खाज थांबेल, कावीळ उतरेल, थोडं खातापिता येईल, एवढंच म्हणाले.

"तुम्ही सांगितलंत त्याच दिवशी आलो असतो तर?" मी विचारलं.

"असं नाही सांगता येत," ते म्हणाले, आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ते सांगता येत नाही, हेच मला आजही सहन होत नाही.

आबा घरी आले. डोळ्यांतला पिवळा रंग उतरला, खाज गेली, शेजारपाजारचे लोक बघून जायचे आणि म्हणायचे, सुधारणा हाय की! आबाही हो म्हणायचे. पण ते रोज थोडे कमी होत होते. पांघरुणाखाली माणूस आहे की नाही कळू नये इतके.

एक दिवस आईनं मला चुलीपाशी गाठलं. तिचा आवाज बसला होता. "आता तरी आण की गं ती पानं. डॉक्टरनं तर हात टेकले. आता काय बिघडायचं ऱ्हायलंय? तुझ्या पाया पडतो मी."

आईनं माझ्या पायाला हात लावायला खाली वाकावं, यापेक्षा मला कुणी कुऱ्हाड मारली असती तरी चाललं असतं. मी पिशवी घेतली आणि भरदुपारी डोंगर चढले. अक्षता नव्हत्या, आवतण नव्हतं. माझी सावली झुडपावर पडली होती आणि मी रडत, झाडाला शिव्या देत पानं ओरबाडली. ज्या झाडाचं मी वर्षानुवर्षं मापून मापून कौतुक केलं, त्याच्यापुढं मी त्या दुपारी पदर पसरल्यासारखी उभी होते. माझा विश्वास नव्हता, तरी उभी होते. माणसाचं असं होतं, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

घरी येऊन काढा केला. पेल्यात ओतून आबांच्या उशाशी बसले. आईनं त्यांना पाठीमागून आधार देऊन बसवलं.

त्यांनी पेला नाकाजवळ नेला, वास घेतला. "आवतण दिलतंस?"

"न्हाय."

"मग हे काय कामाचं?" त्यांनी पेला मला परत दिला आणि जरासे हसले. "त्यापरास चहा टाक. तू तर म्हणालीस, दोन्ही एकच."

आई काहीतरी समजल्यासारखी उठून आत गेली. आबा उशीला टेकले, डोळे मिटले, आणि तसेच म्हणाले, "चहाचे थेंब लई टाकलतीस त्या दिवशी."

"काय?"

"पाल्याचा एक थेंब, आणि चहा अर्धी नळी. माझं आख्खं आयुष्य नळ्या बघण्यात गेलं. मला माप दिसत न्हाय व्हय?"

"मग..." मी विचारलं. "मग बोलला का न्हाईसा? का आलासा दवाखान्यात?"

त्यांनी माझा हात शोधला. माझ्या मनगटावरच्या त्या ॲसिडच्या डागावर त्यांचा अंगठा येऊन थांबला.

"माझी पोरगी माप चुकवतीया," ते म्हणाले, "म्हटलं, किती भ्याली असंल."

मी त्यांच्या छातीवर डोकं ठेवून ओरडून रडले. त्यांनी मला रडू दिलं. मग पाठीवर हलकं थापटत म्हणाले, "जा आता. चहा टाक. दुधाचा टाक, आपल्याच म्हशीचं हाय."

मी आत गेले आणि चहा टाकला.